तारखेविना कात्रण

जैनुद्दीन आताराला तांबडा आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसत नव्हते. दुकान किराण्याचं, आणि गिऱ्हाइकानं हिरवा साबण मागितला तर हा खुशाल तांबडा काढून द्यायचा. पौडच्या एस.टी. स्टँडसमोर त्याचं दुकान, त्याला चिकटून माझं शिलाईचं. मधे नुसती फळ्यांची भिंत. दिवसातनं चारदा ती फळी ठोकून तो विचारायचा, "कोंडा, ह्यो कुटला?" मी मशीन थांबवून उठायचो, बघायचो, सांगायचो. पंचवीस वर्षं मी त्या माणसाला रंग सांगितले. त्याबद्दल एक कप चहा जास्तीचा पाजला नाही कधी.

हे आधी सांगतो, कारण ह्या डोळ्यांपायीच त्याला विमानदलात घेतलं नाही. अठराव्या वर्षी घरी न सांगता पुण्याला भरतीला गेला होता. उंची बसली, छाती बसली, लेखी पेपरही बरा गेला. मग डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि त्यातला आकडा वाच म्हणाला. जैनूला ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. संध्याकाळच्या गाडीनं परत आला आणि दुसऱ्या दिवशी बापाच्या गल्ल्यावर बसला, तो मरेपर्यंत तिथंच.

डोक्यातलं विमान मात्र खाली उतरलं नाही. लोहगावहून उडालेली विमानं कधीमधी मुळशीच्या धरणावरनं वळून आमच्या डोक्यावरून जायची. आम्ही माना मोडून आभाळात शोधत बसायचो. हा गूळ फोडता फोडता, वर न बघता सांगायचा, मिग गेलं, कॅनबेरा गेलं, ही डकोटा, दोन पंख्यांची, म्हातारी झालीया बिचारी. मला आवाज सगळे सारखेच. मी म्हणायचो, तुला साबण ओळखता येत नाही आणि विमान ओळखतोस. तो हसायचा.

आणि त्याला बातमी लागायची ती विमान पडल्याची. सुखरूप उतरलेल्या विमानाची बातमी कोण छापतंय? छापतात ती पडलेल्याची. वर्तमानपत्रात दोन बोटांएवढी बातमी असायची, अमुक ठिकाणी सरावाच्या वेळी विमान कोसळलं, वैमानिकाचं असं असं झालं, चौकशी चालू आहे. ती कापून तो ड्रॉइंगच्या वहीत खळीनं चिकटवायचा. शेजारी विमानाची जात, ठिकाण, तारीख, आणि सगळ्यात शेवटी तीनपैकी एक शब्द. वाचला. गेला. पत्ता न्हाई. एकाहत्तरच्या लढाईत तर वही पुरली नाही. 'गेला' लिहायची वेळ आली की त्या दिवशी माणूस धड जेवायचा नाही. मला ह्याची चीड यायची. लोक क्रिकेटच्या धावा जमवतात, तू मरणं जमवतोस, असं मी तोंडावर म्हणायचो.

"कुणीतरी लिवून ठेवाय पायजे का न्हाई?" तो म्हणायचा. "दुसऱ्या दिशी त्यांची पुडी व्हतीया, कोंडा."

ते खरंच होतं, कारण पुड्या त्याच्याच घरात व्हायच्या. ताजा पेपर घ्यायची ऐपतही नव्हती आणि रीतही नव्हती. पुण्याहून रद्दीचा गठ्ठा एस.टी.च्या टपावर यायचा. त्यात गेल्या आठवड्याचा पेपर असे, तसा तीन वर्षं कुणाच्या माळ्यावर पडलेलाही असे. जैनू आधी सगळा गठ्ठा चाळून विमानं काढून घ्यायचा, मग गठ्ठा आत जोहराबीकडं जायचा. जोहराबी त्याची बायको. तिच्या हातच्या पुड्या इतक्या बेतशीर असायच्या की मला शिंप्याला लाज वाटावी.

ह्या जोहराबीची एक रीत होती. पुडीचा कागद लोक रस्त्यात टाकतात, त्यावर पाय पडतो. त्यावर देवाचं नाव असलं तर? मग तो देव त्यांचा असो की आमचा, तिच्या लेखी पाप सारखंच. तिला कुराण वाचता यायचं, मराठी अक्षर येत नव्हतं. पण पेपरच्या माथ्यावर श्री असतं, पंचांग असतं, वार, तिथी, सण असतात, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा पुडी करण्याआधी ती प्रत्येक पानाची वरची चार बोटं पट्टी फाडून घ्यायची, पोत्यात भरायची, आणि वर्षातनं एकदा, रमजानच्या आधी, ते पोतं नदीत सोडून यायची. अख्ख्या पौडात असा जीव कुणी कागदाला लावला नसेल. मी तिला आजही नाव ठेवत नाही. पण पेपरची तारीख त्याच चार बोटांत असते.

आता जयसिंगचं सांगतो. पौडच्या पुढच्या रिहे गावच्या साळूबाईचा एकुलता एक मुलगा. बाप लहानपणीच गेला होता, साळूबाईनं भातखाचरं एकटीनं कसून त्याला मॅट्रिक केलं. विमानदलात भरती निघाल्याची बातमी त्याला जैनूनं दिली. फॉर्म जैनूनं भरला, तहसील कचेरीतनं दाखले जैनूनं काढले, आणि पोरगा निवडला गेला तेव्हा स्टँडवर पेढे वाटले तेही जैनूनंच. साळूबाई बिचारी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. जयसिंग मेकॅनिक झाला. रजेवर आला की रिह्याच्या आधी पौडात उतरायचा आणि जैनू त्याला पोत्यावर बसवून विचारायचा, डकोटाच्या आत वास कसला येतो. जयसिंग म्हणाला होता, रॉकेलचा आणि ओल्या पोत्याचा. ते वाक्य जैनूनं मला पन्नास वेळा ऐकवलं असेल.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात जयसिंगचं लग्न झालं. घोटावड्याची तुळजाबाई, एकोणीस वर्षांची. त्याचा लग्नाचा कोट मी शिवला, अजून मापं पाठ आहेत. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत तार आली. पूर्वेकडच्या डोंगरात रसद घेऊन चाललेली डकोटा बेपत्ता, जयसिंग तिच्यात होता. तार वाचायला साळूबाई जैनूकडंच आली, दुसरं कोण होतं तिला? जैनूनं तार वाचली आणि आत निघून गेला. शेवटी ती मी वाचून दाखवली. त्या संध्याकाळी त्यानं वही काढली, डकोटा लिहिलं, ठिकाण लिहिलं, आणि शेवटी 'पत्ता न्हाई' लिहून पेन तसंच हातात धरून बसला.

पावसाळा आला नि गेला. शोध थांबवल्याचं कळवणारं पत्र आलं. मग साळूबाईनं जे केलं ते करायला छाती लागते. सुनेच्या भावाला, घोटावड्याच्या गेणबाला, तिनं स्वतः बोलावून घेतलं. म्हणाली, पोरीचं वय काय, माझ्यासंगं तिला कशाला जाळू. त्यांच्या भावकीत विधवेचा पाट लावतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कुशाबा म्हणून घोटावड्याचाच सुतार होता, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस निर्व्यसनी. बोलणी झाली. असं ठरलं की अंग सापडलं नाही तर नाही, दिवाळीआधी कणकेचा पुतळा करून जयसिंगला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, आणि कार्तिकात तुळजाचा पाट लावायचा. साळूबाईनं माझ्याकडनं तिच्यासाठी दोन नवी पोलकी शिवून नेली. लेकीला द्यावं तसं देणार आहे मी, म्हणाली.

नेमका त्याच दिवसांत जैनू कावीळ होऊन पंधरा दिवस अंथरुणावर होता. रद्दी आली होती, चाळायला तो नव्हता. जोहराबीनं आपल्या समजुतीनं पुड्या केल्या आणि ज्या कागदावर विमानाचं चित्र दिसेल तो नवऱ्यासाठी बाजूला ठेवला. पट्ट्या अर्थातच आधी फाडून घेतल्या. जैनू उठून बसला तेव्हा तिनं ते चार-पाच कागद त्याच्या मांडीवर ठेवले. माणूस बरा व्हावा म्हणून हौसेनं ठेवले होते तिनं.

थोड्या वेळानं फळी इतक्या जोरात वाजली की मला वाटलं मांडणीच पडली. गेलो तर ह्या पिवळ्या पडलेल्या माणसानं कागद माझ्या हातात कोंबला. मी वाचलं. पूर्वेकडच्या डोंगरात बेपत्ता झालेल्या डकोटाचे अवशेष सापडले. दोघे जण जिवंत. डोंगरातल्या गावकऱ्यांनी त्यांना कित्येक आठवडे सांभाळलं. पायवाटेनं त्यांना खाली आणायला वेळ लागेल, नावं नंतर जाहीर होतील. एवढंच.

आता खरं बोलतो. जैनू थांबला होता. म्हणाला, कोंडा, ह्याला तारीख न्हाई. आणि त्याच्या जुन्या वहीत शहात्तर सालातली अशीच एक ओळ होती, डकोटा, पूर्वेचा डोंगर, पत्ता न्हाई. ती त्यानं मलाच बोट ठेवून दाखवली. म्हणाला, ही दुसरी बी आसंल. आणि मी, शहाणा, काय म्हणालो? म्हणालो, तारीख काय चाटायची आहे? तिकडं ती बाई परवा पोराचा पुतळा जाळायला निघालीय, उठ आधी. मला वाटत होतं ते खरं असावं. त्यालाही तेच वाटत होतं, फक्त त्याला कुणीतरी ढकलायला हवं होतं. मी ढकललं. ह्या गोष्टीत मी नुसता रंग सांगणारा नाही, हे लक्षात ठेवा.

काविळीतनं उठलेला माणूस रिह्याच्या फाट्यापासून चालत गेला. मी बरोबर होतो. साळूबाईच्या ओसरीत कणीक चाळायचं चाललं होतं, पुतळ्यासाठीच असावं. जैनूनं कागद वाचून दाखवला. दोघांतला एक आपला असंल, असं तो म्हणाला. 'असंल' म्हणाला, 'हाय' नाही म्हणाला, हे मी शपथेवर सांगेन. पण आईनं काय ऐकलं ते आईला विचारा. ती उठली, कणकेचं ताट उचलून आत नेलं आणि त्याच कणकेच्या पोळ्या करून आम्हाला जेवायला वाढल्या. तुळजा दाराआड उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं नाही, मी जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी साळूबाईनं गेणबाला निरोप धाडला, पाट मोडला, माझं पोर जितं हाय. तुळजाच्या कपाळावर स्वतः कुंकू लावलं, कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. कात्रण देव्हाऱ्यात गेलं. कुशाबाला घरात लहान मूल, तो किती थांबणार? माघात त्यानं दुसरीकडं लग्न उरकलं.

त्यानंतर महिन्याभरानं विमानदलाचं जाड पत्र आलं. जयसिंगला मृत धरण्यात येत आहे, सोबतच्या कागदावर आईनं आणि पत्नीनं सही-अंगठा करून पाठवावा. साळूबाई ते घेऊन जैनूकडं आली. म्हणाली, ह्यांना कळव की पोरगं जितं हाय, पेपरात छापून आलंय. जैनूला स्फुरण चढलं. आपल्या वहीमुळं सरकारची चूक सुधारणार, असं त्या माणसाला वाटलं असेल तर त्याला हसू नका. ठिपक्यांत आकडा न दिसलेला माणूस होता तो. त्यानं फुलस्केप काढला, 'माननीय महोदय' लिहिलं, आणि अडला. कुठल्या तारखेच्या अंकात छापलंय ते लिहायला हवं होतं. तारीख जोहराबीच्या पोत्यात होती.

तीन दिवस आम्ही त्या पट्ट्या माझ्या कापड बेतायच्या फळीवर पसरून बघत होतो. हजारांनी पट्ट्या. साळूबाईनं देव्हाऱ्यातलं कात्रण तेवढ्यापुरतं दिलं होतं, ते मधे ठेवलं होतं. हे काम माझं, तुकड्याला तुकडा जुळवायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पट्टी हातात आली. तिच्या खालच्या काठावर मथळ्याच्या शिरोरेघा तेवढ्या राहिल्या होत्या, अक्षरं खाली गेली होती. मी ती कात्रणाला लावली. रेघांखाली अक्षरं बसली. पाठीमागच्या जाहिरातीतल्या बाईला डोकं मिळालं. शिवण लागावी तशी लागली ती.

पट्टीवर तारीख होती अठरा नोव्हेंबर एकोणीसशे शहात्तर. जयसिंग तेव्हा रजेवर घरी होता, भात झोडत होता.

जैनूनं दोन्ही कागद उचलले. मग म्हणाला, चल. मी म्हणालो, उद्या जाऊ. म्हणाला, न्हाई, कोंडा, आत्ता. आतून जोहराबीनं विचारलं काय झालं. त्यानं सांगितलं, काय न्हाई, तारीख घावली. तिला त्यानं पुढंही कधी दोष दिला नाही. तिला कळायचं ते कळलंच. त्या वर्षापासून तिनं पुड्या करायचं सोडलं, त्या जैनूच करायला लागला.

उन्हाळा तोंडावर आला होता. साळूबाई आणि तुळजा खाचरात राब भाजत होत्या. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात, तो राब. सगळीकडं धूर. जैनू बांधावर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. एक शब्द लपवला नाही. हा कागद जुना हाय, अक्का, ते दोघं दुसऱ्या इमानातले, आपला जयसिंग त्यात न्हाई, चूक माझी हाय. पट्टी आणि कात्रण दोन्ही तिच्या हातात दिली, जुळवून दाखवली.

साळूबाईनं दोन्ही कागद निरखून बघितले. तिला अक्षर येत नव्हतं. धुरानं डोळ्यांतनं पाणी येत होतं ते पदरानं पुसलं आणि शांतपणे बोलली.

"आदी तू कागुद आणून सांगितलंस, जिता हाय. आता कागुदच आणून सांगतोस, मेला. मला दोन्ही वाचाया येत न्हाईत, जैनूभाऊ. मंग मी कुटला ठेवू ते माझं मी ठरवीन."

कात्रण तिनं चोळीत खोचलं आणि पट्टी राबावर टाकली. कागदच तो, जळायला किती वेळ लागतो? जैनूनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. मला इतका संताप आला की मी तिला बोललोसुद्धा, पोरीच्या जन्माचा तरी विचार कर म्हणालो. ती म्हणाली, नवरा जिता असताना तिचा पाट लावू म्हणतोस व्हय, शिंप्या. आणि पुन्हा पाला पसरायला लागली. तिला एकदा मेलेला मुलगा मान्य करून झाला होता. तेवढं बळ एकाच खेपेचं असतं. दुसऱ्यांदा कुठनं आणणार ती?

तुळजा आमच्यामागं ओढ्यापर्यंत आली. हात राखेनं भरलेले. तिचा विश्वास बसला होता, ते तोंडावरच दिसत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, कुशाबाचं लगीन झालं माघात," ती जैनूला म्हणाली. "तारीख आदी बघितली असती तर."

एवढंच बोलून परत फिरली. परतीच्या वाटेभर मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. तारीख काय चाटायची आहे, असं म्हणणारा मीच की.

पत्रावर अंगठा झाला नाही. गेणबा बहिणीला न्यायला दोनदा आला. साळूबाईनं दोन्ही वेळा दारात उभं राहून नाही म्हटलं, आणि सासू एकटी पडेल म्हणून तुळजाही हलली नाही. दुसऱ्या वेळी गेणबा तिथनं सरळ पौडात आला आणि दुकानासमोर उभा राहून भर बाजारात जैनूला नाही नाही ते बोलला. माझ्या बहिणीला ना नवऱ्याची ठेवली ना बापाची, असं म्हणाला. जैनू तराजूच्या मागं खाली मान घालून ऐकत होता. मी मधे पडलो नाही. गेणबाचं काय चुकत होतं?

जैनूला ह्यानंतर वहीकडं बघवत नव्हतं. सगळं देऊन टाकतो म्हणायचा. पण सुटका नव्हती. दर बाजारच्या दिवशी साळूबाई रिह्याहून यायची. अंडी, परड्यातली भाजी विकायची आणि परतीच्या गाडीआधी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची. "इमानाचं काय आलंय का?" एवढाच प्रश्न. मग ह्याला खोटं बोलता येईना. काही आलं नाही असं खऱ्यानं सांगायचं तर बघायला तर हवं. म्हणून तो आठवडाभर रद्दी चाळायचा, आता प्रत्येक पानाची तारीख आधी बघून. "न्हाई अक्का." ती मान हलवायची. "यील. डोंगूर लांब हाय." आणि गाडीला जायची. सहा वर्षं हे मी फळीपलीकडनं ऐकलं. हौस होती ती कधीच मेली. वर आवाज झाला तरी तो आता विमानाचं नाव सांगायचा नाही, मी मुद्दाम विचारलं तरी नाही. पडलेल्या विमानांच्या बातम्या येतच होत्या. तो कापायचा, चिकटवायचा, पण शेवटचा शब्द लिहायचं त्यानं सोडून दिलं होतं.

श्याऐंशीच्या भादव्यात साळूबाई तापानं गेली. कात्रण तिच्या चोळीत होतं, तुळजानं ते तिच्याबरोबरच जाऊ दिलं. आम्ही दोघं मातीला गेलो होतो. तेराव्यानंतर जैनूनं सगळ्या वह्या सुतळीनं बांधल्या. एकोणीस वह्या होत्या. जोहराबीनं त्या पोत्यात घातल्या, आणि तिघं नदीवर जाऊन सोडून आलो. पाणी भरपूर होतं, पोतं दिसेनासं व्हायला वेळ लागला नाही. रद्दी त्यानं बंद केली. तयार कागदी पिशव्या मागवायला लागला. मला म्हणाला, झालं कोंडा, आता कोण विचारनार न्हाई. त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला, स्वतःहून. दिवसभर बरा होता.

मला वाटलं होतं गेणबा आता बहिणीला घेऊन जाईल. आला होता म्हणे. पण तोपर्यंत सात वर्षं झाली होती. तुळजा सत्ताविशीची, उन्हातान्हात रापलेली, आणि कुशाबासारखा माणूस काय रस्त्यावर पडलेला असतो?

पुढच्या बाजारच्या दिवशी, परतीच्या गाडीआधी, जैनूच्या पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं मला फळीच्या फटीतनं दिसलं. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, हातात रिकामी पाटी. साळूबाई उभी राहायची त्याच जागी. तुळजा होती. मला वाटलं मीठ-मिरची घ्यायला आली असेल.

"भाऊ," ती म्हणाली, "इमानाचं काय आलंय का?"

जैनूच्या हातातलं माप पोत्यात पडलं. तो म्हणाला, "तुळजा, तुला ठावं हाय. तू तर ऐकलंस सगळं. मी सांगितलं व्हतं."

"व्हय, ठावं हाय," ती म्हणाली. "आत्याबाई व्हत्या तवर त्या वाट बघत व्हत्या. म्या त्यांना बघत व्हते. आता घरात कुणीच न्हाई. कायतरी करावं लागतंय न्हवं, भाऊ, माणसाला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. सहा वर्षांपूर्वी ओढ्याकाठी नव्हता, तसाच आताही नव्हता. बाजाराला आलेली बाई गाडीची वेळ विचारते तसं विचारलं होतं तिनं. जैनूनं मान हलवली.

"न्हाई आलं," तो म्हणाला.

"बरं. म्होरल्या बाजारी येते," म्हणाली आणि स्टँडकडं गेली. रिह्याकडची गाडी लागलेली होती, खिडकीशी जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत तिनं इकडं वळून बघितलं नाही.

फळी वाजली. बऱ्याच दिवसांनी वाजली होती. मी मशीन थांबवून उठलो, त्याच्या दुकानात गेलो. तो अजून रस्त्याकडंच बघत होता.

"कोंडा," म्हणाला, "तिच्या हातातल्या बांगड्या कुटल्या व्हत्या?"

खोटं बोलता आलं असतं मला. त्याला कुठं कळणार होतं? पण मला त्याचा राग होता, माझा त्याहून जास्त होता, आणि पंचवीस वर्षांत मी त्याला कधी चुकीचा रंग सांगितला नव्हता.

"हिरव्या," मी म्हणालो.

त्यानं पोत्यात पडलेलं माप काढलं, झटकून जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून त्यानं पुण्याहून रद्दीचा गठ्ठा मागवला.